ड्रिलच्या साथीला

दातांच्या दवाखान्यात हौसेने कोणी येत नाही. येतो तो गालावर हात दाबून येतो, आणि बाकावर टेकला न टेकला तोच आतल्या खोलीतला आवाज ऐकून त्याला आठवतं की घरी गॅस बंद करायचा राहिलाय. अशा गॅसवाल्यांना बाकावर धरून ठेवायचं काम रेडिओमावशी गेली तेवीस वर्षं करत होती. कागदावर तिचं काम वेगळं होतं, म्हणजे नाव लिहून घ्यायचं, फोन उचलायचा, पुढची तारीख द्यायची. पण दवाखाना चालत होता तो तिच्या गाण्यांवर, असं तिचं स्पष्ट मत होतं आणि ते ती लपवत नसे.

गाणी तरी कुठली? तुम्हीआम्ही कधी न ऐकलेली. तरुणपणी मावशीला पहाटे उठून रेडिओची चकती फिरवायचं वेड होतं. लांबलांबच्या देशांची स्टेशनं त्या वेळी खरखरत लागायची आणि ही बाई श्वास रोखून ती कॅसेटवर उतरवून घ्यायची. मधे निवेदक काय सांगतो त्यातलं एक अक्षर कळत नसे, त्यामुळे गाणाऱ्याचं नाव नाही, वाद्याचं नाव नाही, देशाचाही पत्ता नाही. मग ओळखायचं कसं? तिने आपली नावं ठेवली. ‘कपडे वाळत घालताना.’ ‘पाहुणे गेल्यावर.’ ‘नको त्या माणसाचा फोन येऊन गेल्यावर.’ ‘भांडण झालंय पण चूक आपली आहे हे कळल्यावर.’ अशी चारशेच्या वर नावं एका जाड वहीत होती. पुढे भाचीने सगळ्या कॅसेटा फोनमध्ये भरून दिल्या, तरी नावं तीच राहिली.

ओळखीचं गाणं मावशी दवाखान्यात चुकूनही लावत नसे. तिचं म्हणणं, ओळखीचं लागलं की माणूस मनात त्याच्यामागून म्हणायला लागतो, आणि ड्रिल मधे आलं की त्याचं कडवं तुटतं. अनोळखी लागलं की बिचारा कान देऊन बसतो, पुढे काय येतंय म्हणून. माणूस दारातून आत आला की ती त्याच्याकडे एकदा वरून खालपर्यंत बघायची, वही उघडायची आणि काउंटरवरच्या फोनवरून आतल्या खोलीतल्या कपाटावरच्या स्पीकरला गाणं धाडायची. जाताना पुढच्या तारखेच्या कार्डामागे त्या माणसाला घरी ऐकायला एखादं नाव लिहून द्यायची, आणि ते गाणं त्याच्या फोनवर पाठवायची. काही लोक तर दात ठणठणीत असताना यायचे. “मावशी, दाढेला काही नाही, पण मुलगी होस्टेलला गेली, घर खायला उठलंय. काहीतरी द्या.” मावशी वही चाळायची आणि द्यायची.

थोरले डॉक्टर तिच्या या उद्योगावर खूश होते. ते घरी बसल्यावर त्यांची मुलगी खुर्चीवर आली. मावशीने तिला शाळेच्या दप्तरासकट पाहिलेलं, त्यामुळे पेशंटसमोर ‘डॉक्टर’ आणि पेशंट गेला की ‘बाळा’. डॉक्टरीणबाईंचंही मावशीवाचून पान हलत नसे.

आता ड्रायव्हरची गोष्ट. हा गडी कारखान्याची बस चालवायचा, बावीस वर्षं. अंगाने दरवाजाएवढा. उजवीकडची खालची दाढ आतून सडलेली, रूट कॅनल करायचं, तीनदा यावं लागणार. पहिल्या वेळी भुलेचं इंजेक्शन घेतलं, हूं की चूं केलं नाही. ड्रिल सुरू झालं आणि पठ्ठ्या खुर्चीतून उठून थेट रस्त्यावर. दुसऱ्या वेळीही तेच. लोक हसले, मावशी हसली नाही. तिने त्याला बाकावर बसवून विचारलं, की दुखतं का?

“दुखत नाही हो. बधिर असतं सगळं,” तो म्हणाला. “पण तो आवाज. गाडीत असा आवाज आला की काहीतरी तुटतंय, लगेच बाजूला घ्यायची, माणसं उतरवायची. बावीस वर्षं हेच केलंय. हातपाय माझं ऐकतच नाहीत.”

मावशीला हे पटलं. तिने वहीवर हात ठेवला आणि शब्द दिला. “मंगळवारी या. तुम्हाला ड्रिल ऐकूच येणार नाही. ही माझी जबाबदारी.”

हा शब्द तिने कशाच्या जोरावर दिला? तर महिन्याभरापूर्वी मशीन दुरुस्तीवाला येऊन गेला होता, आणि तेव्हापासून ड्रिलचा आवाज जवळजवळ बंद झाला होता. काउंटरवर तर काहीच येत नसे. ‘भल्या माणसाने काम चोख केलं,’ असं ती दोन-चार जणांना म्हणालीही होती. आवाज दाबायची गरजच उरली नाही म्हटल्यावर तिने ढोलबिल मागे ठेवले आणि हलकी, नाजूक गाणी लावायला लागली.

मंगळवारी ड्रायव्हर आला. मावशीने ‘पाहुणे गेल्यावर’ लावलं, एक बाई हळू आवाजात काहीतरी सांगत असते आणि मागे एकच तार वाजते, तेवढंच. पाच मिनिटं झाली, सात झाली. मावशी मनात म्हणतेय, जिंकलं. आणि दार धाडकन उघडून ड्रायव्हर बाहेर आला, लाळ पडू नये म्हणून छातीवर लावलेला निळा कागद तसाच, तोंड वाकडं, डोळे पाण्याने भरलेले. काउंटरपाशी थांबला.

“मावशी, तुम्ही शब्द दिला होता,” तो म्हणाला, आणि गेला.

दाढ आतून अर्धी पोखरलेली, वर नुसता कापसाचा बोळा. मावशी तणतणत आत गेली.

“एवढा घोड्यासारखा माणूस आणि एवढा भित्रा? मशीनचा तर आवाजसुद्धा येत नाही आता.”

डॉक्टरीणबाई हातमोजे काढत होत्या, त्या थांबल्या. “मावशी, मशीन तेच आहे. दुरुस्तीवाल्याने फक्त पायाचं पेडल बदललं.”

“मग मला कसं ऐकू येत नाही?”

डॉक्टरीणबाईंनी ड्रिल हातात घेतलं आणि तिच्या कानाजवळ आणलं. मावशी वाट बघत उभी राहिली. मग वैतागून म्हणाली, “अगं लाव ना बाळा.”

“लावलंय, मावशी.”

मावशीने खाली पाहिलं. डॉक्टरीणबाईंचा पाय पेडलवर होता. ड्रिलच्या टोकाला पाण्याचा बारीक फवारा उडत होता. ती मागे सरकली आणि पेशंटच्या स्टुलावर बसली.

घरी नवरा होता. हा फरशीवाला, सगळा जन्म फरशा कापण्यात गेला, कान केव्हाच मशीनने खाल्लेले. मावशीने सांगितलं तसं त्याने हातातलं वर्तमानपत्र खाली ठेवलं.

“मला वर्षभर दिसतंय. आधी पक्षी जातात, मग कुकरची शिट्टी, मग बायको,” तो म्हणाला. “तिसऱ्याचं फार वाईट वाटत नाही.”

“वर्षभर दिसतंय आणि तुम्ही बोलला नाहीत?”

“बोललो होतो. तुला ऐकू गेलं नाही.”

एरवी मावशीने त्याला सोडला नसता. त्या दिवशी ती रडली. नवरा शेजारी बसून राहिला, पाठीवर हात ठेवून. मग तिने फोन काढला आणि एकेक गाणं लावून बघितलं. ‘कपडे वाळत घालताना’मधली शीळ नव्हती. ‘रविवारची दुपार’मध्ये दोघी बहिणी गायच्या, त्यातली धाकटी नव्हती. काही ठिकाणी नुसता ताल उरला होता. गाणं पाठ होतं म्हणून इतके दिवस मनच रिकाम्या जागा भरत होतं, आणि हिला वाटत होतं आपण ऐकतोय. जिची जन्माची कमाई ती, तिला हे कळणं सोपं नव्हतं.

कानाच्या डॉक्टरांनी तपासलं. बारीक आवाज दोन्ही कानांतून गेलेत, परत यायचे नाहीत. यंत्र लावा, बोलणं नीट कळेल. गाण्याचं काय? गाण्याचं सांगता येत नाही.

डॉक्टरीणबाईंना खरंच वाईट वाटलं. त्या म्हणाल्या, “मावशी, तुम्ही आता गाण्यांचा त्रास घेऊ नका. फोनवर तयार याद्या मिळतात, सगळ्यांना माहीत असलेली गाणी असतात. मी तीच लावून ठेवते. आणि त्या ड्रायव्हरदादांना मोठ्या दवाखान्यात पाठवू, पूर्ण भूल देऊन करतील.”

“ते जातील?”

“विचारलं फोनवर. नको म्हणाले. दाढ तशीच राहू दे म्हणतात.”

“आणि तशीच राहिली तर?”

“आठवड्याभरात आत पू होईल. मग काढावीच लागेल, आणि जबडा सुजला तर भलतंच.”

आता दुसरी बाई असती तर म्हणाली असती, नशीब त्याचं. पण मावशीची जातकुळी वेगळी. एकदा शब्द दिला की ती त्याच्या खनपटीला बसणारी. ती म्हणाली, “यादीबिदी काही लावायची नाही. आधी त्या माणसाची दाढ, मग माझे कान. आणि मला खुर्चीत बसव.”

“कशाला?”

“तेवीस वर्षं मी लोकांना सांगतेय काही होत नाही म्हणून. स्वतः कधी बसलेय का? माझं डावीकडचं जुनं फिलिंग खिळखिळं झालंय, तूच म्हणतेस. ते काढ. भूल कमी दे. मला ऐकायचंय.”

डॉक्टरीणबाईंनी हात टेकले आणि तिला बसवलं. मावशीने डोळे मिटले. ड्रिल दाताला लागलं आणि तिला धक्काच बसला. आवाज होता. कानातून नव्हता, जबड्यातून होता, कानशिलापर्यंत चढत आलेला, चांगला जाडाभरडा. आणि तो एकसारखा नव्हता. दातावर दाबलं की खाली उतरे, उचललं की वर जाई. तिने हाताने थांबायची खूण केली आणि तोंडात कापूस असतानाच म्हणाली, “पुन्हा कर.” तीनदा करायला लावलं.

फिलिंग झाल्यावर ती उठली ती तावातावात. “बाळा, आम्ही मूर्ख. तेवीस वर्षं मी हा आवाज झाकायला बघतेय, आणि हा हाडातून येतो. हा झाकायचा कसा? कानावर उशी बांधली तरी येणार.”

“मग काय करायचं?”

“झाकायचं नाही. साथीला घ्यायचं.”

घरी तिने वही घेऊन बैठक मारली. आता नाजूक काही नको, जे चढतं आणि उतरतं, जे आत कुठेतरी घासत जातं, असं हवं. कानावर भरवसा नव्हता, म्हणून नवऱ्याने त्याची युक्ती सांगितली. फरशी कापताना मशीन बिघडलंय का हे तो तळहात ठेवून ओळखायचा. मावशीने स्पीकर टेबलावर ठेवला, टेबलाच्या कडेला लाकडी चमचा टेकवला आणि चमच्याचं दुसरं टोक दातात धरलं. त्या अवतारात तिने दोन दिवसांत दोनशे गाणी ऐकली. नवरा म्हणाला, शेजारी विचारतायत, मावशींनी टेबल खायला घेतलं का. मावशीने चमचा न काढता त्याला जे म्हणायचं ते डोळ्यांनी म्हटलं.

अकरा गाणी निवडून झाली आणि शुक्रवारी ती बसच्या आवारात जाऊन उभी राहिली. ड्रायव्हर चाकापाशी वाकून हवा बघत होता. गाल सुजायला लागला होता. तिला पाहून त्याने मान फिरवली.

“शब्द मोडला माझा, मान्य,” मावशी म्हणाली. “माफी मागायला आलेय, आणि खरं सांगायला. माझे कान गेलेत, दादा. मला ड्रिल ऐकूच येत नव्हतं. मला वाटलं, तुम्हालाही येणार नाही.”

ड्रायव्हर उभा राहिला. “कान गेले? तुमचे?”

“बारीक आवाज गेले. जाडे आहेत अजून. तुमचं बोलणं येतंय, घाबरू नका.”

“मग आता गाणी कोण लावणार?”

“मीच लावणार. पण कधी काय लावायचं ते तुम्ही सांगायचं. आवाज तुम्हाला येतो, गाणी माझ्याकडे आहेत. या वेळी ड्रिल ऐकू येणार नाही असं मी म्हणणार नाही. येणार. तुम्ही नुसतं हाताने सांगायचं, ड्रिल पुढे आहे का गाणं.”

तो पुन्हा चाकापाशी वाकला आणि हवा बघून झाली तसा उठला. मावशीने घाई केली नाही. हा नाही म्हणाला तर दुसरा उपाय तिच्याकडे नव्हता.

“तोंड उघडं असताना बोलणार कसं?” तो शेवटी म्हणाला. “हाताच्याच खुणा लागतील. आम्ही सिग्नल द्यायचो, बत्त्या बंद पडल्या की.” आणि त्याने तिथेच दाखवलं. हात पुढून मागे हलवला, म्हणजे ओव्हरटेक कर, आवाज वाढव. तळवा खाली करून हात वरखाली, म्हणजे हळू घे. तळवा सरळ उभा, म्हणजे थांब. मावशीने तिन्ही खुणा त्याच्यासमोर करून दाखवल्या, दोनदा.

शनिवारी सकाळी दवाखान्यात दुसरा पेशंट घेतला नाही. मावशी काउंटर सोडून आत आली, स्टूल ड्रायव्हरच्या हातापाशी ओढलं, फोन मांडीवर ठेवला. डॉक्टरीणबाईंनी भूल दिली. मावशीने पहिलं गाणं लावलं, ‘जिना चढताना सामान जड असेल तर.’ जाड तारांवर कोणीतरी गज ओढतं आणि आठदहा माणसं पाय आपटतात, एवढंच त्यात आहे.

ड्रिल सुरू झालं. ड्रायव्हरचे खांदे कानापर्यंत वर गेले, पाय ताठ झाले. मावशीचं लक्ष त्याच्या हाताकडे. हात खुर्चीची कड घट्ट धरून बसलेला. “दादा, सिग्नल,” ती म्हणाली. “मला ऐकू येत नाही. तुम्ही नाही सांगितलंत तर मी आंधळी.”

हात सुटला. पुढून मागे हलला. मावशीने आवाज वाढवला. पुन्हा हलला, पुन्हा वाढवला. मग तळवा खाली, हळू. गाणं संपलं, दुसरं लावलं, त्यावर त्याने जोरात नाही म्हणून बोट हलवलं, तिने लगेच बदललं. तिसरं बरं लागलं. डॉक्टरीणबाई ड्रिल दाबत, उचलत होत्या, आणि ड्रायव्हरचा हात हवेत वर-खाली चालला होता, ड्रिल चढलं की वर, गज उतरला की खाली. तो आता खुर्चीत पळायच्या बेतात बसला नव्हता. त्याच्या कपाळाला आठ्या होत्या त्या कामाच्या, वळणावर गाडी काढताना पडतात तशा. एकदा डॉक्टरीणबाई थांबल्या तर त्याने त्यांनाच हाताने पुढे चला म्हणून खुणावलं.

पाऊण तास गेला. मावशीची पाठ अवघडली होती, पण तिने मान वळवली नाही. नववं गाणं होतं, ‘काम अर्ध्यावर असताना.’ डॉक्टरीणबाई मागे सरल्या, ड्रिल जागेवर अडकवलं आणि मास्क खाली केला. “झालं,” त्या म्हणाल्या. “आतलं सगळं झालं, दादा. पुढच्या वेळी नुसतं वर सिमेंट भरायचं, ड्रिलचं काम नाही.”

मावशीने सुटकेचा श्वास सोडला. गाणंही संपलं होतं. तार थांबली, पाय थांबले, खोली शांत झाली. तिने बंद करायला अंगठा पुढे नेला.

ड्रायव्हरचा तळवा सरळ उभा राहिला. थांब.

मावशी गोंधळली. तिने डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं, तर त्याही हातमोजा अर्धा काढून कपाटाकडे, स्पीकरकडे बघत उभ्या होत्या. तेव्हा तिला आठवलं. तार थांबल्यावर त्यात एक शीळ आहे. एकटीच, अगदी बारीक, काम करून घरी निघालेलं कोणीतरी लांब जात जात घालतं तशी. तेवढ्यासाठीच तर ते तिने ठेवलं होतं, तीस वर्षांपूर्वी, पहाटे, कॅसेट संपेल की काय या भीतीने.

तिने अंगठा उचलून घेतला. तिला काहीसुद्धा ऐकू येत नव्हतं. ती त्याच्या हाताकडे बघत बसली, आणि तो हात खाली येईपर्यंत तिने गाणं बंद केलं नाही.